करुणेशचा शेवटचा घोट

२ मे
कादंबरी आजपासून. जग संपलंय, पृथ्वीवर पाणी उरलेलं नाही, आणि नायक करुणेश आपला शेवटचा घोट शत्रूला पाजतो. लिहिण्याआधीच मला हुंदका आला. महिनाअखेर पूर्ण करणार म्हणजे करणार.

४ मे
लिहिणं शून्य. कारण दारातली पाणपोई. बायको नंदिनी दर उन्हाळ्यात घरासमोर रांजण ठेवते आणि अख्खं सेलू त्यावर तुटून पडतं. पाणी पितात, चुळा भरतात, तिथेच तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकतात. आज रांजणात सुपारीचा तुकडा तरंगत होता. शी! ही माणसं जग संपायच्याच लायकीची.

७ मे, दुपारी
रांजण उचलून लिहायच्या खोलीत आणला. वातावरणनिर्मिती. शिवाय गार पाणी हाताशी. नंदिनी म्हणाली, अहो, लोकाईनं पाणी कुठं प्यावं? मी म्हणालो, साहित्य क्षणिक तहानेसाठी नसतं. वाक्य झकास. करुणेशच्या तोंडी घालणार.

१२ मे
शेळ्या चारणारा कवडू दारात. तोंडात खर्रा, ओघळ हनुवटीपर्यंत. म्हणे, भाऊ, रांजण काऊन उचलला? मले घोटभर पाणी द्या ना. सांगितलं, करुणेचा प्रसंग लिहितोय, नंतर ये. घरातला पेला त्या तोंडाला? दार लावून घेतलं. पुढे एक ओळ सुचली नाही. दिवस बुडाला तो कवडूमुळे.

१९ मे
प्रकरण झालं! दीड पान. वाचनालयातल्या मधुकररावांना वाचून दाखवलं. म्हणाले, शेवटचा घोट असा कोणी देऊन राह्यलं का? पटत नाई. असल्या वाचकांपुढे लिहायचं! किळस आली.

२५ मे, संध्याकाळी
नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. समुद्रपूरला एक खरे जाणकार आहेत, त्यांना प्रकरण ऐकवायला भरदुपारी गाडी काढली. हस्तलिखित घेतलं, पाणी विसरलो. सेलू चार-पाच किलोमीटर मागे पडलं आणि गाडी बंद. ढकलत निघालो. सावली नाही, माणूस नाही. मग डोळ्यांपुढे अंधारी.
बाभळीखाली बसवलं ते कवडूने. त्याच्या बाटलीत तळाशी थोडं पाणी होतं. म्हणाला, प्या भाऊ, सारं पिऊन टाका, लाजू नका. बाटलीच्या तोंडाला खर्र्याचा वास. मी तोंड लावून प्यायलो. एक घोटही ठेवला नाही.
त्याने रिकामी बाटली कमरेला खोचली आणि शेळ्यांमागे निघाला. गाव उलट्या दिशेला होतं.
तो स्वतः कधी प्याला होता, ते विचारायचं राहिलं.