कप्तानाने कुलूप ठोकलं ते बरोबर की चूक

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला, मामींना आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (गुडघ्यांची चौकशी वेगळी करते, कारण मागच्या पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दलच जास्त लिहिलं होतंत.) इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त वाचनालयात फूट पडली आहे. तुम्ही उभा जन्म फौजेत काढलात, म्हणून तुम्हालाच लिहिते.

झालं असं की आमच्या वाचक मंडळाने या खेपेला अंतराळातल्या लढाईची कादंबरी घेतली. दूरच्या ग्रहावर माणसांची वस्ती, वर काचेचा घुमट, बाहेर शत्रू. हल्ला होतो तेव्हा कप्तान चर्चा बंद करून सभागृहाला कुलूप ठोकतो, ज्याला त्याला पहाऱ्यावर उभं करतो आणि सगळे वाचतात. (शत्रू वाचत नाही. त्याचं लेखकाला फारसं काही वाटलेलं दिसत नाही.) आमचे दंतवैद्य म्हणाले, नागरिकाचं कर्तव्य म्हणतात ते हेच, प्रत्येक मुलाने वाचावं. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, हुकूमशहा असाच येतो, पुस्तक मुलांच्या कपाटातून काढा. मी ग्रंथपाल, म्हणून निर्णय माझ्या गळ्यात. दंतवैद्य बोलत तेव्हा मला त्यांचं पटे, बाई बोलत तेव्हा बाईंचं. (दोघं एकदम बोलू लागले तेव्हा घरी जावंसं वाटलं.)

एवढ्यात वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि छतातून थेट शब्दकोशांवर धार लागली. आम्ही सगळे वर बघत उभे. दंतवैद्य खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही दारात उभ्या राहा. बाकीचे रांगेत. प्रश्न नंतर." मामा, बाई मुकाट्याने दारात उभ्या राहिल्या आणि आम्ही हातोहात सगळी पुस्तकं बाहेर काढली. माझं ठरलं, हे कर्तव्यच. पण पाणी थांबलं तरी दंतवैद्य खुर्चीवरून उतरेनात. त्यांनी वाचनालय बंद असल्याचं जाहीर केलं आणि सुरक्षेसाठी म्हणून माझ्याकडून किल्ली घेतली. माझं पुन्हा ठरलं, ही हुकूमशाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर दवाखाना बंद ठेवून हा माणूस गुडघ्यांवर बसून पानं सुटी करतोय, एकेका पुस्तकाला पंख्याचा वारा देतोय. (गाल सुजलेले दोन पेशंट त्याला मदत करत होते. स्वखुशीने की कसे, ते त्यांना बोलता येत नसल्यामुळे कळलं नाही.) बाईंनी सभा बोलावली. किल्ली कोणाकडे असावी यावर मतदान झालं. दंतवैद्यांनी सगळ्यांत आधी हात वर केला तो किल्ली मला परत देण्यासाठी, आणि बाईंनी मत दिलं दंतवैद्यांना. म्हणाल्या, "कुठलं पुस्तक कुठे वाळतंय ते यांनाच ठाऊक आहे. पण वाळेपर्यंतच हं." मी दोन्ही वेळा हात वर केला, म्हणून माझं मत बाद झालं. किल्ली एका मताने माझ्याकडे आली.

ती कादंबरी आता माझ्या टेबलावर आहे, मुलांच्या कपाटातही नाही आणि मोठ्यांच्याही नाही. मुलं टेबलाशी उभी राहूनच वाचून जातात. आणि माणसांना अडचणीच्या वेळेला हुकूम लागतो की हुकुमालाच अडचणीची वेळ लागते, हे मला अजून उमगलेलं नाही.

तुमची,
गोंधळलेली भाची

ता. क. मंडळाने एकमताने ठरवलंय की याचा निवाडा तुम्ही येऊन करावा. कृपा करून येऊ नका.

ता. क. पुन्हा. कारण असं, की "मामांचं मत अगदी तुमच्यासारखंच आहे," असं मी दंतवैद्यांना सांगून बसले आहे. बाईंनाही. कोणाचाही फोन आला तरी "अगदी बरोबर" एवढंच म्हणा आणि ठेवून द्या. हा हुकूम नाही, भाचीबद्दलचं तुमचं कर्तव्य आहे. पण म्हणायचंच.