कपाळ सपाटीकरण

२२ एप्रिल
ईस्टरचे फोटो आले. सळईवरचं कोकरू झकास आलंय. त्याच्या शेजारी जो दमलेला म्हातारा उभा आहे तो मी, हे आईनं सांगितलं. वर चष्मा लावून म्हणाली, प्रोकोपी, कपाळावर नांगर कुणी फिरवला रे? बटाटे लावायचेत का?

वय अठ्ठावन्न. केस शाबूत. पोट उभं राहिल्यावर दिसत नाही. अडचण फक्त कपाळाची. आडव्या रेघा, आणि त्याही खोल. लिमलेटची गोळी उभी ठेवली तर राहील (ठेवून पाहिली. राहते).

कारण उघड आहे, नोकरी. अर्धं आयुष्य बांधकाम परवान्याच्या खिडकीत गेलं. साहेब, बाल्कनी वाढवू का? साहेब, गच्चीवर खोली काढू का? आमच्या व्होलोसमध्ये, आणि अख्ख्या ग्रीसमध्येच, नाही म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. भुवया वर, विषय संपला. तोंडानं नाही म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तेव्हा या सुरकुत्या नव्हेत, ही देशसेवा आहे. खर्च खरं तर सरकारनं द्यायला हवा.

निश्चय: कपाळ सपाट करायचं. मग एवांथियाला विचारायचं. या क्रमानं.

२३ एप्रिल
एवांथियाची कोपऱ्यावर फार्मसी आहे. विधवा. हसते तेव्हा दुकानातले आजारी लोकसुद्धा हसतात. चार वर्षं रोज संध्याकाळी मी तिथं आईची औषधं आणायला जातो. (आई ठणठणीत आहे.) ती स्टूल पुढे करते, कॉफी करते. लग्नाचं आजच विचारणार होतो, पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, प्रोकोपी, आज ऑफिसात कुणाशी तरी वाजलंय ना? वाजलं होतं. म्हणजे रेघा तिला तिथून दिसतात! लाजच वाटली. विचारणं पुढे ढकललं.

तिथं स्तेर्गियोस पण बसलेला असतो. जहाजावरचा निवृत्त इंजिनियर. खोकल्याच्या गोळ्या घेतो आणि हलत नाही. त्याचं कपाळ म्हणजे वाळलेलं अंजीर. स्पर्धेचा प्रश्नच येत नाही. मला तर त्याची दया येते.

३० एप्रिल
क्रीम आणलं. आईसाठी म्हणून सांगितलं. एवांथिया म्हणाली, रात्री गव्हाच्या दाण्याएवढंच, आणि दिवसा उन्हाचं क्रीम विसरायचं नाही, आईंना नीट सांगा हं. सांगेन म्हणालो.
दाण्याएवढं म्हणजे बायकांच्या कपाळाला. मी सूपचा चमचा घेतला.

४ मे
कपाळ उकडलेल्या ऑक्टोपससारखं लाल. सालं निघतायत. एवांथियानं विचारलं, आईंना क्रीम मानवलं का? म्हणालो, बिचारीचं कपाळ सोलवटलंय. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं, ओठ दाबले आणि एक मलम दिलं. म्हणाली, हे आईंना लावा, आणि आईंना म्हणावं, उगाच शहाणपणा करू नका.
तिला काहीही कळलेलं नाही. मी सफाईनं निभावलं.

१३ मे
क्रीम बंद. कंपन्या लुटतात. घरगुती उपाय: अंड्याचा पांढरा बलक. वाळेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही. आईनं ती वेळ साधून माझ्या मावशीच्या तीन मुलींची लग्नं कशी झाली ते पहिल्यापासून सांगितलं. अंडी बंद.

१९ मे
कपाळाला चिकटपट्टी लावून झोपायचं, रेघा आपोआप ताणल्या जातात. शास्त्रीय आहे. सकाळी काढायला विसरलो आणि तसाच खिडकीत बसलो. एक कॉन्ट्रॅक्टर वाकून वाकून बघत होता. शेवटी म्हणाला, साहेब, तडा गेलाय वाटतं?
त्याची फाईल मी सर्वांत खाली ठेवली. रागानं नव्हे. ती मुळात खालचीच होती.

१० जून
घरगुती उपाय म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. लारिसाला जाऊन स्पेशालिस्टला भेटलो. व्होलोसमध्ये शिंकलं तरी अर्ध्या गावाला सर्दी होते, म्हणून लारिसा. डॉक्टर तरुण आहे. कपाळ बिलियर्डच्या टेबलासारखं. विश्वास बसला.

त्यानं सगळे पर्याय नीट सांगितले. लेसर: उन्हाळ्यात नको म्हणाला, हिवाळ्यात या. मला हिवाळ्यापर्यंत दम नाही. फिलर, म्हणजे रेघांत भराव: कपाळात रक्तवाहिन्या नाजूक असतात, मी स्वतः टाळतो म्हणाला. ऑपरेशन: केसांच्या कडेला कापून कातडी वर ओढायची. मी म्हणालो, मी काय खिडकीचा पडदा आहे? राहिलं बोटॉक्स. स्नायू झोपवतात, रेघ पडत नाही. पण तुमच्या रेघा खोल आहेत, म्हणाला, पुसल्या जाणार नाहीत, सौम्य होतील. डॉक्टर विनयशील आहे.

मग विचारलं, कामात चेहरा लागतो का? नट, शिक्षक वगैरे? मी भुवया वर केल्या. त्यानं कागदावर लिहिलं, नाही.
पहिल्या वेळी हलका डोस देऊ म्हणाला. मी ठणकावलं, पूर्ण द्या. अर्धवट बांधकामाला मी जन्मात मंजुरी दिलेली नाही.

१४ जून
टोचून झालं. मुंगी चावल्यासारखं वाटतं. (ओरडलो ते नर्सनं अचानक टोचलं म्हणून.) घरी सांगितलंय, आथोसच्या मठात चाललोय, डोकं शांत करायला. इथं हॉटेलात पडून टीव्ही बघतोय.

२३ जून
यश! यश! भिंतीला नुकतं प्लास्टर केल्यासारखं कपाळ. रेघा आहेत, पण शोधाव्या लागतात. भुवया जरा जड वाटतात, तेवढं चालायचंच. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, काय खायला घातलं रे त्या साधूंनी? तुझे आजोबा गेल्यावर असे दिसत होते, अगदी असेच शांत.
कौतुक करायची तिची पद्धत आहे.

२५ जून
दुपारी लांब्रोसच्या गुत्त्यात त्सिपुरो, म्हणजे आमची द्राक्षाची दारू, प्यायला. त्याच्या दुकानाचा रिवाज जुना. तुम्ही भुवया उचलेपर्यंत तो बाटली आणि तिच्याबरोबर बशी आणत राहतो. कोळंबी आली, शिंपले आले, मी भुवया उचलल्या. सार्डिन आले. पुन्हा उचलल्या. तळलेले कालामारी आले. मला घरी लांब्रोसच घेऊन आला. वाटेत म्हणाला, प्रोकोपी, मठातून आल्यापासून मोकळा झालास बघ, आधी किती चिक्कू होतास.

२७ जून
ऑफिसात एकानं विचारलं, साहेब, गच्चीवर खोली? भुवया वर. त्यानं काचेच्या फटीतून माझा हात ओढून मुका घेतला आणि पळत गेला. दुसऱ्यानं विचारलं, समुद्राच्या बाजूनं जिना? त्यानंही मुका घेतला. दुपारपर्यंत गावभर झालं की प्रोकोपिस देवाला भेटून आलाय आणि आता कुणालाच नाही म्हणत नाही. रांग बेकरीपर्यंत गेली. उद्यापासून तोंडानं बोलावं लागणार. या वयात!

२९ जून
आईनं टोमॅटोत भात भरला होता. पानात आणखी दोन पडले. भुवया वर. आणखी दोन पडले. शेवटी म्हणालो, आई, नको! ती ओट्याशी जाऊन डोळे पुसू लागली. जन्मात माझ्यावर ओरडला नव्हतास, म्हणाली.

५ जुलै
पण हे सगळं किरकोळ. मूळ मुद्दा तयार आहे. आठ जुलैला माझ्या नावाच्या संताचा दिवस, मेजवानी मीच देणार, एवांथिया येणार. त्या दिवशी विचारणार. आरशासमोर सराव केला. आधी प्रेमाचा चेहरा, मग विनंतीचा, मग नकार आलाच तर दुःखाचा. तिन्ही सारखे दिसतात. चांगलंच आहे, माणूस भारदस्त वाटतो.

८ जुलै, मेजवानीहून आल्यावर
नीट लिहून काढतो, म्हणजे मलाही समजेल.

लांब्रोसकडे लांब टेबल. क्लॅरिनेटवाला माझ्या कानाशी. तोंडात ऑक्टोपस. विचारायला मी उठणार, एवढ्यात स्तेर्गियोस उठला. ग्लास वर करून ओरडला, प्रोकोपी, तुझ्यासारखा मित्र नाही! मी आणि एवांथिया लग्न करतोय, आमचा कुंबारोस तू! कुंबारोस म्हणजे लग्नात वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करणारा. एकदा केले की जन्माचा नातेवाईक. ते म्हणे महिन्यापासून ठरवत होते. फार्मसीत! माझ्या स्टुलाशेजारी!

एवांथिया हसत नव्हती. ती थेट माझ्याकडे बघत होती, खूप वेळ. मी भुवया उचलल्या. जीव तोडून उचलल्या. कुठल्या बाल्कनीला इतक्या उचलल्या नव्हत्या. मानेच्या शिरा दुखल्या, कान हलले. कपाळ जागचं हललं नाही. आणि सणाच्या दिवशी, आपल्याच टेबलावर, कुंबारोस व्हायला तोंडानं नाही म्हणायचं? दोन घरांत तीन पिढ्या वैर चालतं. शिवाय तोंडात ऑक्टोपस होता.

तिनं मान खाली घातली. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही.

९ जुलै
आज जाऊन सगळं स्पष्ट सांगणार. पुरुषासारखं.

संध्याकाळ
गेलो. दुकानात ती एकटीच होती. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. म्हणाली, प्रोकोपी, तुम्हाला एक सांगते, रागवू नका. चार वर्षं मला वाटत होतं, तुम्ही आज विचाराल, उद्या विचाराल. कुणाची आई रोज आजारी पडते का हो? मी वाट बघत होते. मग स्तेर्गियोसनं विचारलं. मी त्याला म्हटलं, आधी प्रोकोपीच्या तोंडावर सांगू. तुम्ही कधी बोलत नाही, पण तुमच्या कपाळावर सगळं दिसतं, तिथं माझं वाचणं कधीच चुकलं नाही. स्तेर्गियोसला सांगून ठेवलं होतं, त्यांना लागलं तर मला कळेल, मग मी तुला हो म्हणणार नाही. काल बघत होते. एक रेघ हलली नाही. सुटल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगू, थोडं वाईटही वाटलं.

मी सांगणार होतो. शब्द अगदी जिभेवर होते. पण सांगायचं तर मग बोटॉक्सचं सांगावं लागलं असतं. लारिसा, नर्स, आईचं क्रीम, सगळंच. आणि नंतर जन्मभर हिनं माझ्या कपाळाकडे बघून ओठ दाबले असते.
म्हणालो, अभिनंदन.
ती म्हणाली, आईंना आज काय देऊ?
खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

१२ जुलै
विचार केला. मी योग्यच वागलो. प्रतिष्ठा असलेला माणूस असाच वागतो. लग्नाला अजून वेळ आहे, तोवर तिला आपणहून उमजेल.

३ ऑगस्ट
उमजलेलं नाही. मुकुट बघायला मला बरोबर नेलं. पांढऱ्या मेणाच्या फुलांचे आवडले तिला. मला विचारलं, कसे आहेत? मी भुवया उचलल्या. तेच घेतले.

२४ ऑगस्ट
लग्न झालं. मुकुट मी बदलले, एकदा, दोनदा, तीनदा. सगळे म्हणत होते, कुंबारोस नवऱ्यापेक्षा तरुण दिसतो. त्रिकाला गावाहून आलेल्या एवांथियाच्या मावशीनं तर मला स्तेर्गियोसचा धाकटा भाऊ समजलं. म्हणजे उपचार शंभर टक्के यशस्वी, यात वाद नाही.
तांदूळ उधळताना स्तेर्गियोस हसत सुटला, कपाळाच्या सगळ्या घड्यांत तांदूळ अडकले. एवांथिया ते बोटानं एकेक काढत होती. घाई नव्हती तिला.
मला म्हणाली, कुंबारे, तुम्हीपण या ना फोटोत. घरी येताना आई म्हणाली, आता ती तुझी बहीणच झाली हो, धर्मानं.

२५ ऑगस्ट
सकाळी लारिसाला फोन केला. विचारलं, हे उतरवायचं औषध आहे का? तिथली बाई म्हणाली, नसतं हो, आपोआप उतरतं, वाट बघायची. पुढच्या डोसची तारीख देऊ? मी भुवया उचलल्या. फोनवर. ऑक्टोबरची तारीख मिळाली.

दुपारी ओट्याशी बसलो होतो. आई शेंगा निवडत होती. मला रडू आलं. चांगलं भरभरून आलं, थांबेचना. मी तोंड लपवलं नाही. म्हटलं, निदान हिनं तरी विचारावं, काय झालं रे म्हणून.
आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, केवढा घाम आलाय, पूस, डोळ्यांत उतरतोय. आणि पंखा माझ्याकडे कर जरा.
केला.