बेटकावळ्याच्या हातमोज्यातील हाताबाबत विनंती

प्रति,
मा. संचालक,
दुर्मीळ पक्षी संगोपन केंद्र.

विषय : शालेय मुलांना बेटकावळ्याची ओळख एकट्या पक्षीताईच करून देत असल्याबाबत.
संदर्भ : केंद्राचा नियम क्र. ४ (पिल्लांना माणसाचे तोंड न दाखवणे व आवाज न ऐकवणे).

महोदय,

१. अर्जदार आपल्या केंद्रात चौदा वर्षे बेटकावळ्याची पिल्ले भरवतो. कावळ्याच्या डोक्यासारखा काळा, चोच असलेला हातमोजा चढवायचा, पडद्याच्या फटीतून हात आत घालायचा आणि दर अर्ध्या तासाने घास द्यायचा, असे ते काम आहे. पिल्लाला माणसाचा लळा लागला तर बेटावर सोडल्यावर ते शिकाऱ्याच्याही खांद्यावर जाऊन बसेल, म्हणून नियम क्र. ४ आहे व तो योग्यच आहे. आजवर अकरा पिल्ले बेटावर गेली. त्यांतल्या एकानेही अर्जदाराला पाहिलेले नाही. त्याबद्दल तक्रार नव्हती.

२. गेल्या वर्षी शाळांसाठी पक्षीताईंची नेमणूक झाली. ताई तसाच एक हातमोजा घेऊन वर्गात जातात आणि मुले टाळ्या वाजवतात. कावळा कसला दुर्मीळ, म्हणून हसणारी मुले तासाभरात “बेटावरची झाडे तोडू नका” अशी पत्रे लिहू लागतात, हे अर्जदार नाइलाजाने मान्य करतो. तथापि ताई चोच तीन बोटांनी उघडतात. ती दोन बोटांनी उघडायची असते. ताई काढतात तो आवाज बेटकावळ्याचा नसून दारात शेपूट सापडलेल्या मांजराचा आहे. एकदा तर हातात मोजा असतानाच त्यांनी बिस्किट खाल्ले, हे अर्जदाराने खिडकीतून स्वतः पाहिले आहे. अर्जदार खिडकीशी काय करत होता, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

३. अर्जदाराची नात, म्हणजे मुलीची मुलगी, तिसरीत आहे. ताई तिच्याही वर्गात जाऊन आल्या. त्या रविवारी नातीने विचारले, “आजोबा, आमच्या ताई कावळ्याची आई आहेत, माहितीये? तुम्ही तिथे झाडू मारता ना?” अर्जदार झाडूही मारतो, हे खरे आहे. शिवाय चौदा वर्षे कामावर गप्प राहिल्याने बोलायची सवय मोडली आहे, त्यामुळे अर्जदाराने नुसती मान डोलावली. नातीने काढलेले कावळ्याचे चित्र तिने ताईंना भेट दिले. ते ताईंच्या टेबलामागे चिकटवलेले असून अर्जदाराला जाता-येता दिसते आणि दर वेळी पोटात दुखते. यासाठी कार्यालयीन शब्द अर्जदारास ठाऊक नाही.

४. सबब मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. (अ) मुलांना पक्ष्याऐवजी ताईंचाच लळा लागत असल्याने नियम क्र. ४ शाळांनाही लागू करून ताईंना पडद्याआडून बोलण्याचा आदेश व्हावा. (आ) अर्जदारास एका वर्गात पाठवावे. तो काही बोलणार नाही, दोन बोटांनी चोच उघडून दाखवील व परत येईल. (इ) बारावे पिल्लू बेटावर जाण्यापूर्वी अर्जदारास फक्त अर्धे मिनिट त्याच्यासमोर उभे राहू द्यावे.

५. मागणी (इ) लिहून अर्जदार दुपारचा घास द्यायला गेला. खाऊन झाल्यावर पिल्लाने मोज्यावर मान टेकवली आणि ते झोपले. अर्जदार हात तसाच ठेवून पाऊण तास उभा होता. दुसरा हात मोकळा होता आणि पडदा वीतभरावर होता. तो बाजूला केला नाही. मागणी (इ) मागे घेत आहे. वर्गात जाण्याचीही हिंमत होईलसे वाटत नाही, म्हणून (आ) सुद्धा. मागणी (अ) बाबत मात्र जरूर विचार व्हावा.

६. आता एकच विनंती आहे. येत्या चोवीस तारखेला नातीचा वर्ग केंद्रात येणार आहे. मुलांना काचेतून घरटे, पिल्लू आणि मोजा एवढेच दिसेल. मोज्यात हात कोणाचा आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या ताईंनी मुलांना सांगावे. अर्जदाराने घरी सांगून पाहिले, नात हसली. ताईंनी सांगितले तरच ती खरे मानेल.

आपल्या केंद्रातला, पडद्यामागचा,
पिल्ले भरवणारा
(सही)
दिनांक : ११ मार्च

सोबत : नातीने काढलेल्या चित्राचा फोटो. मूळ चित्र ताईंकडे आहे. चोवीस तारखेपर्यंत राहू द्यावे.