झाड काढून घे

३ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या खिडकीमागच्या काटेरी झाडाची फांदी पोचली. आमच्या वनस्पती संग्रहालयात वाळकी पानं कागदावर चिकटवण्यात माझी वीस वर्षं गेली, पण अशी बाभूळ पाहिली नव्हती. साहेब दिवसभर भिंग लावून बसलेत. फुलं गळायच्या आत तेवढं झाड काढून घे. आळस नको. भावजींना जाऊन वर्ष झालं, आता काहीतरी हाती घे. जेवतेस ना?

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न.

झाड मंगळवारी काढून घेतलं. लाकूडवाल्याने विचारलं, की बाई, भर फुलात कशाला तोडता? म्हटलं, ताईने सांगितलंय. तुला कारण विचारावं असं मनात आलं होतं, पण त्याचाही शीण आला. सगळं वखारीत गेलं. खोलीत उजेड वाढलाय, टेबलावरची धूळ दिसते. जेवते. दर पत्रात विचारू नकोस.

तुझी ठमी

१९ मार्च

चि. ठमे,

अगं वेडे, काढून घे म्हणजे चित्र काढून घे! असल्या झाडाचा आमच्या कपाटात तुझ्या त्या फांदीचा एकच कागद आहे, तोही बिनफुलांचा. साहेब रागावले नाहीत. तुझी बहीण बरी आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

माझ्या वह्यांचे समास चित्रांनी भरून मला मार खायला लावणारी तू! ‘काढ’ म्हटल्यावर तुला कुऱ्हाडच आठवावी? झाडापेक्षा मला त्याचीच धास्ती वाटते. चूक माझी, नीट लिहायला हवं होतं. आठवेल तेवढं काढून पाठव. माया पातळ करू नकोस.

ताई

२७ मार्च

ती. ताईस सा. न.

चित्र काढायला बसले. खोड जमलं, पानं जमली. फुलांचे गोंडे पांढरट होते की पिवळे, यावर थोडा वेळ गेला. मग काटे. ते वर वळलेले होते की खाली, आठवेना. हे गेल्यापासून रोज त्याच खिडकीशी बसते गं. वर्षभर समोर होतं, आणि मला काटे माहीत नाहीत.

तेवढी जागा कोरी सोडली आहे. फांद्या अजून वखारीतच पडल्यात म्हणे. उद्या जाऊन बघून येईन. आधी चपला शोधायला हव्यात, कुठे ठेवल्यात कोण जाणे. लोभ वाढव म्हणायला तोंड नाही, आहे तेवढा राहू दे.

तुझी ठमी