काळे मणी

उदगीर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. उज्वला,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सुखरूप आहोत, तूही तिकडे असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू माझा नंबर बंद केलास, बरंच केलंस. मी पाठवलेल्या शिव्या आरतीनं वाचल्या तेव्हा तीही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणून हे कागदावर लिहितो. ती फोटो काढून तिच्या मोबाइलवरून पाठवेल. वहिनीचा निरोप समजून तरी उघड. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे, माझा उजवा पंजा सुजलेला आहे.

सोयाबीन निघालं. मोंढ्यात एवढी आवक की आडतीवर बसून माझं बूड दुखतंय. हमाल मंडळी मोबाइलवर तुझी मोटारसायकल बघत बसतात आणि मला विचारतात, "दादा, ताई आता कोन्या मुलखात हाय?" आधी मी खेकसायचो. आता सांगतो, जॉर्जियात हाय. आई भाकरी दुधात कुस्करून खाते. अण्णांचं म्हणणं आहे की तिची तब्येत बरी नाही, तर तू सगळं टाकून घरी यावंस. हे पत्र त्यासाठीच त्यांनी मला लिहायला बसवलं आहे. ते बाहेर ओसरीवर बसले आहेत.

तू यावंस की नाही, हे तू सगळं वाचून ठरव. मी लपवणार होतो ते आता लिहितो.

तुर्कस्तानात एर्झुरूमजवळच्या खेड्यात बर्फात अडकलीस आणि एका म्हातारीच्या घरातून फोटो टाकलास, तो आठव. गळ्यात काळ्या मण्यांची सर, मध्ये सोनेरी असं काहीतरी. खाली इंग्रजीत दहा ओळी. त्या कुणी वाचल्या नाहीत, मणी मात्र सगळ्यांनी पाहिले. नांदेडहून अण्णांना सिंधुआत्याचा फोन आला. "रामकिशन, पोरीच्या गळ्यात काळी पोत हाय की रे! लगीन करून बसली अन् बापाला खबर न्हाई?" फोन स्पीकरवर होता.

नवरा कोण, हे शोधायलाही आम्हाला वेळ लागला नाही. महांतेशचं गॅरेज पंधरा दिवस बंद होतं. तुला गाडी शिकवली त्यानं, सामानाच्या पेट्या बसवल्या त्यानं, गाडी जहाजावर चढवायला मुंबईपर्यंत आला तो. आपल्यातला नाही, कानडी बोलतो. बसल्या जागी आम्ही त्याला विमानात बसवला, तुर्कस्तानात उतरवला आणि तुमच्यावर अक्षताही टाकल्या. तो बिचारा बीदरला बहिणीच्या बाळंतपणात अडकला होता.

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. म्हणाली, "पोत न्हाई ही. पोतीला वाट्या असत्यात. माळ हाय कसली तरी." अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. पुढचे दोन दात पडले. एक पाटाखाली सापडला, दुसरा तिनं गिळला असावा. पदर तोंडात कोंबून ती खाली बसली. मी हातभर अंतरावर उभा होतो, उज्वला. मी अण्णांचा हात धरला नाही. मला तेव्हा ते बरोबर वाटले. दुधात कुस्करून खाते म्हणालो ते यामुळे.

मंगळवारी महांतेश परतला. मी आणि आपला चुलतभाऊ सत्यम भर दुपारी गॅरेजवर गेलो. तो एका बुलेटचं इंजिन उघडून बसला होता. "या दादा, चहा सांगू?" म्हणाला. सत्यमनं त्याच्या पाठीत लाथ घातली. मी तोंडावर ठोसे मारले. माझा पंजा त्याच्या दातांनी फाटला, तो अजून भरला नाही. तो रक्त थुंकत म्हणाला, "दादा, फोटोखालचं वाचा. एकदा वाचा, मग मारा."

मी वाचलं नाही. सत्यमनं त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि मी त्याचाच मोठा पाना घेऊन बोटांवर घातला. तुराट्या मोडल्यासारखा आवाज आला. तो "अव्वा, अव्वा" असं आईच्या नावानं ओरडत होता. मी पुन्हा घातला. तो ओरडायचा थांबला तरी मी थांबलो नाही. समोरच्या हॉटेलातली माणसं कप हातात धरून बघत होती. त्यातला एकजणही मध्ये पडला नाही. खरं सांगू? ती बघतायत म्हणून माझ्या अंगात आणखी जोर आला.

त्याची करंगळी काढावी लागली. तीन बोटांत सळया आहेत. गाडीखालचा जॅक सटकला, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आणि तुलाही तेच सांगितलं असणार. परवा तुझी क्लचची वायर तुटली तेव्हा त्यानं तुला व्हिडिओ न लावता सगळं तोंडी समजावलं, हे आरतीकडून कळलं. व्हिडिओ का लावला नाही, ते आता तुझ्या ध्यानात येईल.

त्या दिवशी घरी आलो तर आरतीनं पाणीसुद्धा दिलं नाही. मोबाइल समोर धरून एकेक ओळ मराठीत सांगत गेली. त्या म्हातारीची लेक तुझ्याच वयाची असताना वारली. तिची माळ म्हातारीनं तुझ्या गळ्यात घातली आणि सांभाळून जा म्हणाली. शेवटच्या ओळीत मी होतो. "आमच्याकडे काळे मणी लग्नात घालतात. कुणीतरी माझ्या दादाला हे समजावून सांगा, कारण तो आधी हात उचलतो आणि मग ऐकतो." तू हसत लिहिलं असशील. मी एम.कॉम. झालेला माणूस, दहा ओळी वाचल्या असत्या तर एका माणसाचा हात वाचला असता. मला माझी किळस येते.

मी ते सगळं अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माळ का पोत, गावानं बघायचं ते बघितलं." सत्यमनं शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीच्या खिडकीवर पत्रा ठोकला आहे आणि दाराला बाहेरून कडी लावली आहे. ती खोली तुझ्यासाठी आहे. पासपोर्ट जाळायचा आणि आठ दिवसांत लग्न उरकायचं. "न्हाई म्हनली तर हीर हाय," असं अण्णा जेवताना म्हणाले आणि लोणचं मागितलं. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. ते नुसती धमकी देत नव्हते, खरंच विहिरीत ढकलतील.

त्यांनी सांगितलेला मजकूर असा: आई सिरियस आहे, लातूरला दवाखान्यात ठेवलं आहे, सारखं तुझं नाव घेते, मिळेल त्या विमानानं ये. हे साफ खोटं आहे. आई इथे माझ्याजवळ बसून लसूण सोलते आहे. अण्णांनी विचारलं तर लिहिलं म्हणून सांगेन. पण मी नाही लिहिलं तर सत्यम लिहील, आत्या फोन करेल, कुणीतरी रडून दाखवेल.

उद्या सकाळी आई आणि आरतीला देगलूरच्या गाडीत बसवणार, आरतीच्या माहेरी. स्टँडवरून सरळ पोलीस ठाण्यात जाऊन महांतेशचा हात मी मोडला असं लिहून देणार. सत्यमचं नाव घेणार, तांब्याचं आणि त्या खोलीचंही सांगणार. काल महांतेशला हे सांगायला गेलो तर तो म्हणाला, "तुमी आत गेलात तर ताईला कळंल, अन् ती परत फिरंल." एवढं झाल्यावरही त्याला काळजी तुझ्या प्रवासाची.

आईला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू. दात गेल्यापासून तिचे शब्द फुसफुसतात, म्हणून दोनदा विचारून जसंच्या तसं लिहितो. "तिला लिव्ह, म्या मेले म्हनून फोन आला तरी येऊ नको. खरंच मेले तरी येऊ नको. माझ्या मातीलाबी येऊ नको."

आशीर्वाद द्यायची माझी लायकी राहिलेली नाही. तरी देतो. पुढे जा.

तुझा दादा,
हरिओम