शंखाला माइक कशाला?

१ सप्टेंबर, सोमवार
यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. रोगाचं नाव ब्रॉन्किएक्टेसिस. श्वासनळ्या म्हणे जागोजागी रुंद झाल्यात, तिथे कफ साचतो, म्हणून दम लागतो. रुंद होणं वाईट कसं, ते कळलं नाही. आमच्या नेरला रस्ता रुंद झाला तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते.

मशीनमध्ये फुंकायला लावलं. तिथली मुलगी कानाशी 'अजून, अजून' ओरडत होती, त्यामुळे लक्ष उडालं. निकाल एक्कावन्न टक्के. म्हणजे सेकंड क्लास. आमच्या वेळी सेकंड क्लासवर नोकरी लागायची.

बाई म्हणाल्या, कफात रक्त दिसलं होतं, यंदा शंख फुंकू नका. ते रक्त पानाचं असावं. मी पान खात नाही, पण त्या दिवशी खाल्लं असेन. आणि शंख कसा सोडू? आमच्या दुर्गा मंडळात घटस्थापनेला तीनदा शंख फुंकण्याचा मान सव्वीस वर्षं माझा आहे. गेल्या वर्षीचा शंख बसस्टँडपर्यंत ऐकू गेला. एक्कावन्न टक्केवाल्याचा जाईल का? मशीन बिघडलंय.

३ सप्टेंबर, बुधवार. पहाटे ५
संकल्प. रोज दोन किलोमीटर चालणे.

५.४०
चौकातून परतलो. दम लागला म्हणून नाही. कोचिंग क्लासचा बोर्ड वाचायला थांबलो होतो. फोन नंबरासकट वाचला. येताना मागची बाजूही वाचली. ती कोरी होती.

६ सप्टेंबर, शनिवार
कफ सुटावा म्हणून पलंगावर डोकं खाली करून पालथं पडायचं आणि पाठीवर थापा घ्यायच्या. डॉक्टरांनी वीस सांगितल्या. आमच्या हिने, रत्नप्रभाने, सव्वीस मारल्या. तिच्या बहिणीच्या लग्नात मी जिलेबीला नावं ठेवली होती, ते ती विसरलेली नाही. कफ मात्र वाटीभर सुटला. उद्यापासून थापा बंद. गरज वाटत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार. दुपारी ३
बसवत नाही, पडवत नाही. शंख धुतला. पुसला. पुन्हा धुतला. प्रॅक्टिस करावी म्हणून तोंडाला लावला, तर रत्नप्रभा धावत आली. म्हणाली, आताच काहून फुंकता, त्या दिवशी फुंकाच ना. मुद्दा बरोबर आहे. दम राखून ठेवतो.

१४ सप्टेंबर, रविवार
मंडळाची मीटिंग. अध्यक्ष वामनरावांनी हळूच विषय काढला, यंदा शंख आमच्या अनघाले देऊ का? अनघा म्हणजे त्यांची सून, योगाचे क्लास घेते. माझं डोकं फिरलं. मी उभा राहून जाहीर केलं, यंदा मी बिनमाइकचा फुंकणार, स्पीकरही बंद ठेवायचे. लोकांना कळू दे छातीत काय आहे ते.

सगळे गप्प झाले. दबदबा म्हणतात तो हा.

साउंडवाला अय्यूब मागोमाग घरापर्यंत आला. म्हणे, काका, माइक राहू द्या ना, मी तर समोरच बसून राह्यतो, तुमाले काय तरास हाय? मी म्हटलं, शंखाले माइक कायले? बिचारा मान खाली घालून गेला. या साउंडवाल्यांना वाटतं, जग त्यांच्या बटणावर चालतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
ताप. कफ पिवळा. बाईंनी दिलेल्या गोळ्या सात दिवसांच्या होत्या, तीन दिवसांत बरं वाटलं, बंद केल्या. जिना चढताना दोनदा बसलो. जिन्याच्या पायऱ्या उंच बांधल्यात, मिस्त्रीला तेव्हाच बोललो होतो.

रत्नप्रभा म्हणाली, माइक घ्या ना जी. तीस वर्षांच्या संसारात हिने साउंड सिस्टिममध्ये प्रथमच लक्ष घातलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६
घटस्थापना. तयार आहे. झोप लागली नाही, पण उत्साहाने.

दुपारी २
लिहितो.

मांडव भरला होता. उभा राहिलो. श्वास घेतला, तो अर्ध्यातच संपला. पहिली फुंक, नुसती हवा. दुसरी, तीच. तिसरीला खोकला आला तो थांबेना. खाली बसलो. शंख रत्नप्रभाने हातातून घेतला.

आणि माझ्या पाठीमागे शंख वाजला. भरदार, लांब. तीनदा. अय्यूबने न राहवून बटण दाबलं होतं.

लोकांनी हात जोडले. कोणी हसलं नाही. एखादा हसला असता तर भांडता आलं असतं.

दुपारी ४
अय्यूब येऊन गेला. म्हणाला, माफ करा काका, चार सालापासून मीच लावून राह्यलो. तुमची फुस्स ऐकून वामनरावायनं सांगतलं होतं, त्यायचं मन मोडू नको. पण आवाज तुमचाच हाय, २०१९ चा, मीच रेकॉर्ड केलता.

तो गेल्यावर मला रडू आलं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. रत्नप्रभालाही.

रात्री ८
आरतीला गेलो नाही. वामनरावांना फोन करून शंख अनघाला द्या म्हटलं. तिने फुंकला, तो इथे पलंगावर ऐकू आला. बिनमाइकचा. चांगला वाजला. एवढं लिहायला बराच वेळ लागला.

२३ सप्टेंबर, मंगळवार
पहिल्या एसटीने यवतमाळ. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दम केव्हापासून लागतो? मी म्हटलं, वर्षभर झालं असेल.

रत्नप्रभा म्हणाली, चार.

बाईंनी चार लिहिलं. मी दुरुस्ती सुचवली नाही.