चष्मेवाल्याची भिंत

९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. आणि वहिनी, तुलाही, कारण हे पत्र तूच त्यांना वाचून दाखवणार आहेस. दादाकडे देऊ नकोस, तो बातम्या वाचल्यासारखं वाचतो. त्यांना त्रास होईल असं वाटलं की मधलं गाळून टाकायची तुझी सवय मला ठाऊक आहे. या वेळी गाळू नकोस.

बाबा, मी सुखरूप पोचले. बोट उशिरा लागली, पण ते नेहमीचंच. धक्क्याजवळ दोरखंडाच्या दुकानावर खोली मिळाली आहे. उशीलासुद्धा डांबराचा वास येतो. तुम्ही राहायचात त्या खोलीत आता न्हावी बसतो. त्याने मला खुर्चीत बसवून तुमच्याबद्दल विचारलं, चष्मेवाला अजून तसाच भांडतो का? म्हटलं, भांडतात, पण आता फक्त सुनेशी. डोळ्यांत थेंब घालताना तुम्ही मुद्दाम डोळे मिटता, असं वहिनी सांगत होती. मिटू नका.

तुम्ही उभारलेल्या आपल्या संस्थेच्या मदतीने नदीकाठी लावलेली झाडं चांगली धरली आहेत. रोपं इथल्याच बायकांनी वाढवली, जागाही त्यांनीच निवडल्या. आपल्या ऑफिसातून कोणी नकाशा पाठवला नाही, म्हणूनच जगली असावीत. इथल्या वस्त्यांच्या समितीची प्रमुख आता नावाडीण आहे. तुम्हाला आठवेल, तुमच्या बंधाऱ्याच्या भिंतीसाठी डोक्यावरून दगड वाहणारी हडकुळी पोर. तुम्ही तिला मोजणीच्या दुर्बिणीतून नदी उलटी दाखवली होती. ती अजून सांगते, पाणी वर आणि आभाळ खाली. आता तिचे केस पिकलेत आणि आवाज असा की पैलतीरावरचा माणूस दचकतो.

तिने मला नावेतून भिंतीपर्यंत नेलं. भिंत भक्कम उभी आहे, बाबा. एक दगड हललेला नाही. पण मागचं तळं गाळाने भरलंय, गुरं त्यात चालत जातात. आणि समुद्रातून अंडी घालायला वर येणारे मासे भिंतीपाशी येऊन थांबतात. मी पाहिलं. आपटतात, मागे जातात, परत आपटतात. वरच्या वस्तीत आता मासा येत नाही, म्हणून माणसंही राहत नाहीत. निम्मी घरं बंद आहेत.

समितीने भिंत काढायचं ठरवलंय.

वहिनी, इथे थांब. त्यांना पाणी दे, मग पुढे वाच.

रागात ठरवलेलं नाही. खूप दिवस वाद चालला. खालच्या वस्तीला पाण्याची काळजी होती, म्हणून आधी डोंगरातल्या झऱ्यावरून नळ आणायचा, मग भिंतीला हात लावायचा, असं ठरलं. नळ आला. तो आपणच दिला. नावाडीण मला म्हणाली की तिच्या आईने तुमच्याकडे तेव्हा नळच मागितला होता. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिचं लग्न त्या भिंतीवर ठरलं, तिचा नवरा पलीकडच्या टोकाला चुना कालवायचा. "मला काय हौस आहे का फोडायची?" ती म्हणाली. आणि तिने नाव माघारी वळवली.

तिथले लोक ठरवतील त्याला आपण हात द्यायचा, हे संस्थेचं पहिलं वाक्य तुम्हीच लिहिलंत. ते तुम्ही भिंतीच्या आधी लिहिलंत की नंतर, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

आता जे सांगायचं टाळत इथवर आले, ते सांगते.

गेल्या महिन्यात विश्वस्तांची बैठक झाली. तिथे एकजण म्हणाले की एवढी घाई काय आहे, हे काम जरा पुढे ढकलू या. कधीपर्यंत, ते कोणी बोललं नाही. सगळ्यांना कळलं होतं. तुमच्याविषयीच्या मायेपोटीच बोलले ते. सगळे माझ्याकडे बघत होते, मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी नाही म्हटलं, बाबा. तुमच्या जाण्याची वाट बघत मला कुठलंही काम अडवून ठेवायचं नाही. आणि भिंत तुमच्या माघारी फोडली असती, तर ती चोरी झाली असती. तुम्ही असतानाच फोडायची आहे, तुम्हाला सांगून. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत तरी. घरी परतल्यावर तुमच्या खोलीचं दार बंद दिसेल, याची तयारी करूनच मी बोटीत चढले.

नदीचं पाणी उतरलं की काम सुरू होईल. एकच अडचण आहे. भिंत वरून फोडली, तर गाळ एकदम सुटेल आणि खाली लावलेली झाडं गाडली जातील. नावाडिणीला आठवतंय की तुम्ही तळाशी पाणी सोडायची मोरी ठेवली होती आणि ती झिरपायला लागली म्हणून बुजवली होती. ती उघडली तर पाण्याबरोबर गाळही हळूहळू निघून जाईल. आम्ही पहारी घेऊन शोधली. तुमचं काम इतकं नेटकं की सांधासुद्धा दिसत नाही.

मोरी कुठे आहे ते आता फक्त तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही सांगितलं नाही, तरी आम्ही फोडू. वरून, थोडी थोडी, जपून. काही झाडं जातील, ती पुन्हा लावू. पण सांगितलंत, तर भिंत तुमच्याच हाताने उघडली असं इथे म्हणतील. मीही तसंच म्हणेन.

वहिनी, ते लगेच काही बोलणार नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपतील. तू हट्ट करू नकोस. फक्त संध्याकाळी त्यांच्यासमोर जेवणाचं ताट ठेवायच्या आधी टेबल कोरडं पुसून ठेव. विचारात असले की ते ओल्या बोटाने टेबलावर नकाशाच्या रेघा काढतात. काढल्या, तर कुठून कुठे ते नीट बघ आणि मला कळव.

तुमची,
इथे सगळे हाक मारतात ती,
चष्मेवाल्याची पोर